तिरप्या वाटेचा वेग

"सीधी लाइन तो सब देख लेते हैं! तिरछी देखो, तिरछी!"

हा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि आवाज आप्पांचा असूनही आप्पा दिसत नव्हते. दिल्ली कँटमधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीपलीकडे परेडचं मैदान होतं. जानेवारीचं धुकं होतं. त्या धुक्यात माणसं नव्हतीच, नुसते बूट होते. शंभर जवान, दोनशे बूट आणि एकच आवाज. आई मागच्या पायरीवर बसून माझी वेणी घालत होती.

"तिरछी म्हणजे काय गं?"

"तिरपी. तुझा बाप रांगेकडं समोरून बघतच नाही. समोरून सगळी शहाणीच दिसत्यात. कोपऱ्यात जाऊन तिरपं बघितलं, की कोण पुढं सरकलंय ते कळतं. मान हलवू नको."

माझे वडील नरसिंह साळुंखे, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण अख्खी नोकरी त्यांनी एकच काम केलं. खटाव तालुक्यातून, बीडहून, चंदगडहून आलेल्या पोरांना चालायला शिकवलं. पाऊल तीस इंचांचं. मिनिटाला किती, ते ठरलेलं. 'तेज चल'ला वेगळं, 'धीरे चल'ला वेगळं. आणि 'थम' म्हटलं की शेवटचा बूट हवेत राहता कामा नये. मलाही त्यांनी तसंच वाढवलं. चुकलं की बोलायचे, नाही चुकलं की गप्प. "त्यांचं गप्प बसणं हीच शाबासकी समज," असं आई सांगायची. त्या शाबासकीवर मी तेहतीस वर्षं काढली.

आता मी नोएडाच्या एका कंपनीत ड्रोनला चालायला शिकवते. आमचं ड्रोन औषधं आणि रक्ताच्या नमुन्यांचा डबा घेऊन जातं. उडवणं अवघड, असं लोकांना वाटतं. उडतं ते. अवघड आहे ते वेळेवर हळू होणं. सुटताना अलगद सुटायचं, मध्ये वेग घ्यायचा, माणूस जवळ आला की वेग उतरवत उतरवत यायचं आणि त्याच्यापासून पाच मीटरांवर हवेत उभं राहायचं. किती सेकंदाला किती वेग, कुठून ब्रेक, हे सगळं प्रोग्राममध्ये लिहावं लागतं. तो प्रोग्राम चार वर्षं माझा होता. थांबायचं माझं ड्रोन, अगदी जागेवर थांबायचं, पण थांबताना मागे कलायचं, डबा झोका घ्यायचा आणि आतल्या बाटल्या किणकिणायच्या.

"सुकन्या, हे मिनीबसवाल्यासारखं ब्रेक मारतंय यार," पुष्कर सर म्हणायचे. कंपनी त्यांची. "पेशंटचं ब्लड आहे, लस्सी नाही."

मग नोव्हेंबरात नीरजा आली.

वय चोवीस. तिचे पणजोबा सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले ते इथलेच झाले. घर मयूर विहारला. मराठी तिला येत होती, पण भोकं पडलेली. दोन आठवड्यांत तिने वेगाचा सगळा भाग नव्याने लिहिला. पहिल्या दिवशी ड्रोन माझ्याकडे आलं ते काठोकाठ भरलेली कळशी डोईवर घेऊन बाई यावी तसं. थेंब सांडला नाही. बाटल्या गप्प. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे तळवे एकमेकांना लागले की नाही, आठवत नाही.

तिला घरी मीच आणलं, दुसऱ्या कुणी नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आईला बायका हव्या होत्या, आणि द्वारकेच्या आमच्या सोसायटीत मराठी बायका मोजून सहा. नीरजा आली, तिळगूळ घेतला आणि बायकांमध्ये बसायचं सोडून बाल्कनीत आप्पांजवळ जाऊन उभी राहिली. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान उतरत होतं.

"काका, इथे आपण ड्रोन उडवूच शकत नाही ना! एअरपोर्ट इतकं जवळ. सुकन्या दी घरी आली की नुसती विमानं बघत असेल."

"दी काय? ताई म्हण."

"सॉरी. ताई. काका, ती विमानं उतरताना किती हळू होतात बघा. मी तेच कॉपी केलं."

आप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग मला चार वर्षांत एकदाही न विचारलेला प्रश्न त्यांनी तिला विचारला.

"हळू कसं करतेस?"

तिने हवेत बोटांनी वळण काढून दाखवलं. आप्पा आत गेले आणि कपाटामागून पेस-स्टिक घेऊन आले. दोन पायांची लाकडी काठी, कंपासपेटीतल्या कर्कटकासारखी पण मोठी, टोकांना पितळ. तीस इंचांवर उघडून धरायची आणि मैदानावर फिरवत न्यायची, म्हणजे पाऊल मोजलं जातं. लहानपणी मला तिला हात लावायची परवानगी नव्हती. एकदा लावला होता, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "खेळणं नाही ते."

त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत नीरजा ती काठी टकटक फिरवत होती, सहा बायका हळदीकुंकवाच्या वाट्या हातात धरून वाट देत होत्या, आणि आप्पा म्हणत होते, "धीरे चल... धीरे... हां! शाबास पोरी!"

शाबास. इतका साधा शब्द. मी स्वयंपाकघरात वाटाण्याची उसळ ढवळत होते. पळी हातातच राहिली.

"तुझ्या बापाला नवीन रंगरूट मिळालाय," आई हसत म्हणाली. माझं तोंड पाहिलं आणि हसणं आवरलं. मग ताटल्या पुसता पुसता तिने ओवी धरली. आईच्या ओव्या अशाच येतात, कुणाला उद्देशून नाहीत असं दाखवत.

*विमान गं गेलं, माझ्या छपरावरून,*
*सावली पडली, तिच्या अंगणी जाऊन.*

"कुणाची गं ही?"

"माझीच. कँटात असताना रचलेली. शेजारणीला मुलगा झाला तेव्हा." ती ताटल्या रचायला लागली. मूल म्हणून घरात मीच होते, एकटी मुलगी.

निघताना आप्पांनी ती काठी नीरजाला दिली. "घेऊन जा. इथं नुसती धूळ खातीय."

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. मेट्रोने, मयूर विहार ते द्वारका, ब्लू लाइनच्या एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकाला. आप्पांनी तिला 'उंबरा' शिकवला, 'कासरा' शिकवला, 'तिन्हीसांजा' शिकवलं. ती प्रत्येक शब्द फोनवर लिहून घ्यायची आणि सोमवारी ऑफिसात माझ्यावर वापरायची. "ताई, माझ्या डेस्कचा उंबरा ओलांडू नकोस हां!" तिच्यात वाईट काहीच नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्यासाठी डब्यात दुधीचे पराठे आणायची, आणि मी ते खायचे, आणि ते चांगले असायचे, याचाही मला राग यायचा. मी रविवारी मुद्दाम बाहेर कामं काढायला लागले. घरी आले की सोफ्यावरच्या उशीला तिच्या केसांच्या तेलाचा वास यायचा आणि आप्पा विचारायचे, "एवढा उशीर?"

मार्चच्या पहिल्या शनिवारी एका हॉस्पिटलची माणसं प्रात्यक्षिक बघायला यायची होती. त्यांची अट होती की समोर खरा माणूस उभा हवा, आणि तोही कंपनीतला नको. एखाद्या गावातल्या म्हाताऱ्याला भीती वाटते की नाही, ते त्यांना पाहायचं होतं.

"काकांना बोलावू?" नीरजाने विचारलं, मला नाही, पुष्कर सरांना. "ते तर पुतळ्यासारखे उभे राहतील. बिल्कुल हलणार नाहीत."

माझ्या कॉलेजच्या पदवीदानाला आप्पा आले नव्हते. पोस्टिंगवर होते, खरं आहे. या ऑफिसच्या दारातही ते कधी आले नव्हते. नीरजाच्या ड्रोनसमोर उभं राहायला मात्र त्यांनी ब्लेझर ड्रायक्लीनला दिला.

त्याच आठवड्यात, मंगळवारी दुपारी, तिचा प्रोग्राम माझ्याकडे वाचायला आला. आमच्याकडे नियम आहे: चाचणीपुरतं चालतं, पण बाहेरच्या माणसासमोर उडवायचं तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायलाच हवं. वाचणाऱ्याने खाली 'पाहिलं' असं नोंदवून नाव घालायचं. मी ओळीमागून ओळ वाचत गेले. सुंदर लिहिलं होतं. एकही ओळ फुकट नव्हती. वाचता वाचता मला मनातल्या मनात तिचं कौतुकही वाटायला लागलं होतं. मग मी थांबले.

तिने वेगाला मर्यादा घातली होती, सेकंदाला आठ मीटर. पण ती दोनदा घातली होती. उत्तर-दक्षिण आठ, पूर्व-पश्चिम आठ. ड्रोन सरळ उत्तरेला गेलं तर आठ म्हणजे आठच. पण तिरपं गेलं तर? ते दोन्हीकडे एकाच वेळी आठ-आठने जाणार, आणि तिरप्या वाटेवर त्याचा खरा वेग अकराच्या वर. ब्रेक कुठून लावायचा हे मात्र तिने आठच्या हिशेबाने ठरवलं होतं: थांबायच्या जागेच्या वीस मीटर आधी. अकराने येणाऱ्याला चाळीस लागतात.

इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण झज्जरच्या पुढच्या ज्या शेतात आम्ही चाचण्या घेतो, त्याचा बांध नेमका दक्षिणोत्तर आहे. आमचं ड्रोन नेहमी बांधाच्या कडेने सरळच जायचं. समोरून सगळी शहाणीच दिसतात.

मला ते दिसलं ते माझ्या हुशारीने नव्हे. भिंतीपलीकडच्या त्या आवाजाने.

नीरजा दोन टेबलं सोडून बसली होती. हेडफोन घालून, पाय खुर्चीवर घेऊन, संत्रं सोलत होती. एक हाक मारायची होती. 'नीरजा, इकडे ये जरा.' पाच शब्दही नव्हेत. ती आली असती, कपाळावर हात मारून हसली असती, "ताई, मैं तो गई थी!" म्हणाली असती, आणि दहा मिनिटांत दुरुस्त केलं असतं. आणि रविवारी आप्पांना स्वतःच सांगितलं असतं, की ताईने चूक काढली. आणि आप्पा म्हणाले असते, "चूक झाली तर झाली पोरी, शिकतेस अजून."

मला एवढंच हवं होतं की ती एकदा अडखळावी. पडावी असं नाही. नुसती अडखळावी, सगळ्यांदेखत, टाळ्या वाजवलेल्या त्याच लोकांदेखत. शनिवारी तर सरळच उडवायचं आहे, मी स्वतःला सांगितलं. काही होणार नाही. नंतर कधीतरी उघडकीला येईल. मी खाली 'पाहिलं' असं लिहिलं आणि नाव घातलं. नीरजाने संत्र्याची अर्धी फोड माझ्यापुढे केली. मी घेतली.

शनिवारी सकाळी आम्ही दोन गाड्यांनी झज्जरला गेलो. आप्पा पुढच्या सीटवर, निळा ब्लेझर, छातीवर पदकांच्या फिती. नीरजा त्यांच्यासाठी आठवणीने पेस-स्टिक घेऊन आली होती. "काका, पाच मीटर तुम्हीच मोजा. टेप नको."

शेतात पोचलो तर बांधाचं उत्तरेकडचं टोक पाण्यात. शेजारच्या शेतकऱ्याची कालव्याच्या पाण्याची पाळी पहाटे आली होती आणि पाट फुटून पाणी आमच्या बाजूला पसरलं होतं. आप्पा जिथे उभे राहणार होते, तिथे घोटाभर चिखल.

"नो प्रॉब्लेम," पुष्कर सर म्हणाले. हॉस्पिटलची तीन माणसं तंबूत चहा घेत होती. "काकांना त्या पलीकडच्या कोपऱ्यात उभं करू. तिकडे कोरडं आहे. नीरजा, पॉइंट बदल."

"हो गया," नीरजा म्हणाली. दोन आकडे टाकायचे होते फक्त.

पलीकडचा कोपरा. म्हणजे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिरपं.

माझं काम त्या दिवशी हातात रिमोट धरून उभं राहायचं होतं. काही बिघडलं तर एक बटण, की ड्रोन जागच्या जागी थांबतं. मी आप्पांना जाताना पाहत होते. कापलेल्या मोहरीच्या खुंटांमधून ते काठी फिरवत चालले होते, टक, टक, टक, पाठ ताठ. कोपऱ्यात पोचले, पाच मीटर मोजले, चुन्याची रेघ मारली, मागे येऊन सावधान उभे राहिले. इतक्या लांबून ते एवढेसे दिसत होते.

आता सांग, मी स्वतःला म्हटलं. आता.

तोंड उघडलं की पहिला प्रश्न येणार होता: मग वाचताना नाही दिसलं? त्या एका प्रश्नापाशी माझी जीभ अडकली. मी नुसती उभी राहिले. आणि नीरजा म्हणाली, "चलो!" आणि ड्रोन उठलं.

अलगद उठलं. छातीच्या उंचीवर आलं, वळलं आणि निघालं. तिच्या लॅपटॉपवर वेगाचा आकडा मला दिसत होता. तीन. पाच. आठ. तो आठवर थांबायला हवा होता. नऊ. तंबूतली माणसं बाहेर आली होती, कुणीतरी फोन वर धरला होता. दहा. आप्पा हलले नाहीत. ते हलणारच नव्हते. 'थम' ऐकल्याशिवाय न हलणारा, न वाकणारा माणूस आम्ही निवडून उभा केला होता.

अकरा.

"थम!"

तो आवाज माझ्या गळ्यातून आला, पण माझा नव्हता. पोटातून निघालेला, मैदानभर जाणारा, धुक्यातून यायचा तो. बटण मी कधी दाबलं कळलं नाही. ड्रोन मागे कललं, डबा वर उचलला गेला, बाटल्यांचा खळखळाट एवढ्या लांबून ऐकू आला. घसरत घसरत ते पुढे गेलं आणि आप्पांच्या बरंच अलीकडे, हवेत, थरथरत उभं राहिलं.

"क्या हुआ? सुकन्या, काय झालं?" पुष्कर सर धावत आले.

"वेग," मी म्हणाले. "तिरप्यावर अकरा होतोय. दोन्ही दिशांना वेगवेगळी मर्यादा आहे. ब्रेक आठचा आहे. हे थांबलं नसतं. त्यांच्या छातीवर गेलं असतं."

नीरजाने लॅपटॉपकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेलेला मी पाहिला. हेच पाहायचं होतं ना मला?

"मी दोन्ही वेगळे धरले," ती पुटपुटली. "ओ गॉड. काका उभे होते तिथे. ताई, काका उभे होते."

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. चिडतील असं वाटलं होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चलते चलते पकड़ लिया? अच्छी नज़र है आपकी." पुष्कर सरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. थोडा रंग परत आला त्यांच्या तोंडावर. "म्हणूनच तर हिला रिमोट देतो मी. चार वर्षं उगाच नाही!"

आणि शेतातून आप्पा येत होते. घाईने नाही. त्यांच्या त्याच तीस इंचांनी. जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी ड्रोनकडे पाहिलं, कोपऱ्यात मारलेल्या चुन्याच्या रेघेकडे पाहिलं, मग या दोन्हींच्या मधली सगळी तिरपी वाट डोळ्यांनी मोजली.

"तिरपं बघितलंस," ते म्हणाले.

मी हातातल्या रिमोटकडे बघितलं.

"एवढ्या माणसांत कुणी नाही बघितलं. तू बघितलंस." ते आणखी एक पाऊल जवळ आले. "मैदानावर मी तुला कधी नेलं नाही. मागच्या पायरीवरनं ऐकून शिकलीस व्हय गं? शाबास, सुकू. शाबास."

मग त्यांनी काखेतली पेस-स्टिक दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"ही तुझीच. चुकून दुसरीकडं गेली."

"बिल्कुल, काका," नीरजा म्हणाली. ती रडत होती आणि हसायचा प्रयत्न करत होती. "हिचीच आहे. ताई, तू नसतीस तर मी आयुष्यभर... ताई, थँक यू." आणि तिने मला मिठी मारली. तोच केसांच्या तेलाचा वास. तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर धडधडत होतं, लहान पोरीसारखं.

पितळेची टोकं उन्हात चमकत होती. सहा वर्षांची असल्यापासून हवं असलेलं सगळं एका हाताच्या अंतरावर होतं. काठी. शब्द. माझ्याकडे वळलेले आप्पांचे डोळे. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर आमच्या घराचा हात कुणी धरला नसता.

आप्पांचे हात किंचित कापत होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की त्या कोपऱ्यात ते घाबरले होते आणि तरी हलले नव्हते.

मी नीरजाला बाजूला केलं. काठी घेतली नाही.

"आप्पा," मी म्हणाले, "आज नाही दिसलं. मला मंगळवारीच दिसलं होतं. मी खाली 'पाहिलं' असं लिहिलं आणि गप्प बसले. तुम्ही हिला शाबास म्हणालात म्हणून."